बहिणीचं गाव कोणत्या देशात

बी.ए.ला आम्हाला अमेरिकेचा इतिहास होता. तिथल्या यादवी युद्धात उत्तरेकडचे लोक दक्षिणेशी का लढले, या प्रश्नावर आमच्या सरांनी मुद्दे लिहून दिले होते. संघराज्य अबाधित राखणे, घटनेचा मान, गुलामगिरी, व्यापार असं काय काय त्यात होतं, आणि ते घोकून गेलं की पेपरात मार्क ठरलेले. घोकण्यात मी पटाईत होते. पण संघराज्य अबाधित राखण्यासाठी एखादा माणूस ताटावरून उठून मरायला का जातो, हे काही मला त्या मुद्द्यांवरून कळलं नाही. जे थोडंफार कळलं ते आमच्या अंगणातल्या खोलीत राहणाऱ्या किरायदारामुळे, आणि त्याच सुमाराला आमच्या स्वतःच्या घरात चाललेल्या तमाशामुळे.

आमचं घर नागपुरात इतवारीच्या पलीकडे, विणकरांच्या गल्लीत होतं. पुढच्या लांबट खोलीत दोन माग शेजारी शेजारी बसवलेले. एकावर बाबूजी, म्हणजे माझे वडील, आणि दुसऱ्यावर त्यांचा धाकटा भाऊ, आमचे काकाजी. दोघं नऊवारी लुगडी विणायचे. मागे स्वयंपाकघर, तिथे माय आणि काकू, आणि त्यामागे अंगण. बाबूजी थोरले होते आणि थोरलेपण त्यांनी कधी अंगावरून उतरवलं नाही. सूत कुठून आणायचं, काठ कोणत्या रंगाचा, भाजी वांग्याची की चवळीची, काकूनं माहेरी कधी जायचं, सगळं तेच ठरवायचे. माणूस वाईट नव्हता. काकाजींना टायफॉइड झाला तेव्हा यांनी त्यांच्या उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. पण ते बरे झाल्यावर कोणती भाकरी खायची, हेही यांनीच सांगितलं.

किरायदार आणला तो काकाजींनी, तोही थोरल्या भावाला न विचारता. घरात पहिली ठिणगी पडली ती तिथे.

तो नायजेरियाचा होता. शेतकी कॉलेजात शिकायला आलेला, उंच, सावकाश बोलणारा, पायात नेहमी पॉलिश केलेले बूट. हॉस्टेलात जागा मिळाली नव्हती. रामदासपेठेतल्या बंगल्यांवर 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या असत, पण हा फाटकाशी उभा राहिला की खोली अचानक गेलेली असे. शेवटी एका चहाच्या टपरीवर काकाजींची आणि त्याची गाठ पडली आणि काकाजी त्याला सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून घरी घेऊन आले. बाबूजी मागावरून उठले, त्याच्याकडे पाहिलं, मग काकाजींकडे पाहिलं.

"मले इचारलं काहून नाही?" ते म्हणाले.

"इचारलं असतं तर तुमी नाही म्हटलं असतं, दादा," काकाजी म्हणाले.

हे अगदी खरं होतं. मायनं मध्येच पाण्याचा तांब्या पाहुण्याच्या हातात दिला आणि प्रश्न मिटला. तिच्या लेखी ज्यानं घरचं पाणी प्यायलं तो घरचाच.

थोड्याच दिवसांत तो मायला 'माय' म्हणू लागला आणि ती त्याला 'भाऊ'. माझ्याशी इंग्रजीत बोलायचा, गल्लीत हिंदीत, आणि मायकडून त्यानं जी मराठी उचलली ती अस्सल आमच्या गल्लीची. एकदा माझ्या कॉलेजातल्या बाई घरी आल्या होत्या, त्यांना त्यानं अगदी आदरानं विचारलं, "काहून वं, चाय घेतं का?" बाई पुण्याच्या होत्या. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

त्याच्याकडे एक ट्रान्झिस्टर होता. संध्याकाळी कॉलेजातून आला की तो ट्रान्झिस्टर कानाशी धरून अंगणात उभा राहायचा. तुळशीजवळ उभं राहिलं की आवाज नीट येतो, असं त्याचं मत. आम्हाला वाटायचं, गाणी ऐकत असेल. एकदा मायनं विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं, भाऊ? आणि मग सगळं बाहेर आलं.

माय तेव्हा अंगणात रांगोळी घालत होती. त्यानं तिच्याकडून चिमूटभर रांगोळी मागून घेतली आणि सारवलेल्या जमिनीवर आपल्या देशाचा नकाशा काढला. मग त्यातला पूर्वेकडचा तुकडा वेगळा दाखवला. या तुकड्यातल्या लोकांनी आपला वेगळा देश जाहीर केला होता, त्याचं नाव बियाफ्रा. उरलेला देश त्यांना जाऊ द्यायला तयार नव्हता, म्हणून युद्ध. आता गंमत अशी की याचं गाव त्या तुकड्यातच होतं, पण अगदी खाली, समुद्राकाठी. तिथली माणसं लहानशा जमातीची. त्या नव्या देशात आपण मोठ्या जमातीच्या हाताखाली जाऊ, आपलं कोणी ऐकणार नाही, अशी त्यांना भीती. त्यामुळे त्याच्या गावाला जुना, मोठा, अखंड देशच हवा होता. सरकारी फौज गावात शिरली तेव्हा लोकांनी नाचून स्वागत केलं म्हणे. त्याचा मोठा भाऊ त्याच फौजेत भरती झाला होता.

"आणि हे?" मायनं विचारलं. नकाशात त्यानं आत, जंगलाकडे, रांगोळीचा एक ठिपका ठेवला होता.

तो म्हणाला, ते बहिणीचं सासर. एकुलती एक बहीण. नवरा त्या मोठ्या जमातीचा, म्हणजे वेगळं व्हायला निघालेल्यांतला. युद्ध नव्हतं तेव्हा याच्या गावाहून तिच्या गावी मोटारनं दोन तास लागायचे. आता मध्ये फौजा होत्या. टपाल बंद, मोटार बंद. तिला लहान मुलगा होता, ते सगळे आत अडकलेले, आणि जिवंत आहेत की नाहीत हे कळायला काही मार्ग नाही. म्हणून रोज संध्याकाळी तो तुळशीपाशी उभा राहायचा. बातम्यांत तिच्या गावाचं नाव येतं का, हे ऐकायला.

माय त्या ठिपक्याकडे वाकली. "म्हणजे मोठा भाऊ बहिणीच्या गावावर गोळ्या झाडून राहिला का गा?"

"नाही, माय," तो म्हणाला. "तो तिले परत आणाले चालला आहे."

हे वाक्य मी सरांच्या कोणत्याही मुद्द्यात ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याच्या युद्धाची चौकशी सुरू झाली. माय आल्यागेल्याला सांगायची, आमच्या भाऊची बहीण अडकली आहे. देवापुढे दिवा लावताना तिचंही नाव घ्यायची, म्हणजे नाव माहीत होतं तरी तिला उच्चारता येत नसे, म्हणून 'भाऊची बहीण' एवढंच म्हणायची.

इकडे आमच्या पुढच्या खोलीत वेगळंच शिजत होतं. गावोगावच्या तरुण बायका नऊवारी सोडून पाचवारी गोल पातळ नेसू लागल्या होत्या. काकाजींचं म्हणणं, आपण लुगडी बंद करू, चादरी आणि पडद्याचं कापड विणू. बाबूजींचं म्हणणं, आमच्या बापानं लुगडी विणली, आम्ही लुगडीच विणणार. महिनोन्‌महिने हे चाललं. शेवटी काकाजींनी तो शब्द उच्चारला. वाटणी. एक माग माझा, अर्धी खोली माझी, मी माझं काय विणायचं ते विणतो.

"मी जिता आहो तवर नाही," बाबूजी म्हणाले आणि आडवं सूत नेणारा धोटा इतक्या जोरात फेकला की तो मागाबाहेर जाऊन माझ्या पायाशी पडला.

काकूनं मात्र वाट पाहिली नाही. तिनं मागच्या पडवीत आपली वेगळी चूल मांडली. बाबूजींनी ती चूल पाहिली नाही. म्हणजे रोज तिच्या बाजूनं जायचे, धूर डोळ्यात जायचा, डोळे पुसायचे, पण चूल पाहिली नाही. घर एकच आहे असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांनी ठरवलं म्हणजे ते तसंच होतं.

मग पांजणीचा दिवस आला. आमच्यात नवा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते. भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, सुताचा लांबच लांब ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या कैच्यांवर, म्हणजे फुलीसारख्या बांधलेल्या काठ्यांवर, ताणून धरायचा, तांदळाची खळ शिजवून ती सुतावर चढवायची, आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे मारत मारत चालत जायचं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. सगळं घर लागतं, शेजारचे लागतात, सायकलवाले वाकून खालून जातात. दोन्ही भावांचा ताणा तेव्हाही एकच असायचा, निम्मा एका मागाला, निम्मा दुसऱ्याला. बाबूजींनी फर्मान काढलं की नेहमीसारखी पांजणी होणार.

झाली. पण खळ दोन चुलींवर शिजली. मायनं नेहमीच्या प्रमाणात शिजवली, पातळसर. काकूनं आपल्या चुलीवर शिजवली ती घट्ट, कारण तिच्या माहेरी तशी करतात आणि आता तिला कोणी विचारणारं नव्हतं. बाबूजी गल्लीच्या या टोकाला मायची खळ घेऊन उभे, काकाजी त्या टोकाला काकूची. दोघांनीही एकमेकांच्या घमेल्यात डोकावलं नाही. बोलणं बंद होतं, तर विचारणार कोण? सगळी गल्ली पाहत होती, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना तर नक्की दिसलं असणार, पण भावांच्या भांडणात कोण पडतो? दोघं कुंचे मारत मारत मधोमध आले, तोंडासमोर तोंड आलं, आणि दोघंही वळून परत गेले.

ऊन आल्यावर तमाशा दिसला. ताण्याचा अर्धा भाग पापडासारखा कडक आणि अर्धा ढिला. मध्ये जिथे दोन खळी एकमेकींत मिसळल्या तिथे सूत गोळा होऊन चिकटलं. मागाच्या रुळावर गुंडाळायला घेतला तसे धागे तटातट तुटू लागले. एवढा मोठा ताणा, दोन्ही मागांचं काम, वाया गेला. शंभर वर्षं पांजणी करणाऱ्या घरात असं कधी झालं नव्हतं. एखाद्या नवशिक्यानंही ही चूक केली नसती. ती करायला दोन निष्णात आणि हट्टी भाऊच लागतात.

"पाहा," बाबूजी तुटलेले धागे हातात धरून म्हणाले, "म्हणून मी म्हणतो, एकत्र राहा."

"पाहा," काकाजी तेच धागे दाखवून म्हणाले, "म्हणून मी म्हणतो, येगळं करा."

आमचा किरायदारही त्या दिवशी कुंचा धरून होता. त्यानं आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि तो हसू लागला. मग हसता हसता थांबला आणि आपल्या खोलीत निघून गेला. मला वाटलं, बुटांवर खळ सांडली म्हणून गेला असेल.

त्या वर्षी वर्तमानपत्रांत फोटो येऊ लागले. बियाफ्रातली मुलं. पोटं फुगलेली, हातपाय काड्यांसारखे, डोळे मोठे. सरकारी फौजेनं चारही बाजूंनी नाकेबंदी केली होती आणि आत अन्न जात नव्हतं. तो वाचनालयात जाऊन तासन्‌तास ते फोटो पाहायचा. मी एकदा त्याच्यामागे जाऊन उभी राहिले तर तो प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यावर हळूच बोट ठेवून निरखून पाहत होता. भाचा शोधत होता. त्याला शेवटचा पाहिला तेव्हा तो रांगत होता, आता कसा दिसत असेल हे मामाला कसं कळणार? मला तिथे रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला. मी तोंडाळ होतेच.

"हे तुमच्याच फौजेनं केलं आहे ना?" मी विचारलं. "त्यांना जाऊ का देत नाही? तिथे तेल सापडलंय म्हणतात, त्यासाठी?"

त्यानं माझ्यावर राग धरला नाही. घरी येताना चालता चालता बोलत राहिला. म्हणाला, तेलासाठीही. मोठ्या लोकांना तेल दिसतं. आणि जे वेगळं व्हायला निघाले त्यांनाही कारण होतं. उत्तरेकडच्या शहरांत त्यांच्या माणसांना घरातून ओढून काढून मारलं होतं. बहिणीच्या नवऱ्याचं तिकडे दुकान होतं, तो नेसत्या कपड्यांनिशी पळून आला. त्याचं काय चुकलं? पण माझा भाऊ तेलासाठी गेला नाही. आज ते वेगळे झाले तर उद्या आम्ही त्यांच्यापासून वेगळे होऊ, कारण आम्ही त्यांच्यात लहान. परवा आमच्यातले आणखी लहान असतील ते आमच्यापासून. शेवटी प्रत्येक नदीवर एक चौकी आणि चौकीत एक बंदूकवाला. आमच्याकडे घरं अशी नाहीत की एका जमातीची एकीकडे आणि दुसरीची दुसरीकडे. सीमा कुठूनही काढ, ती कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाणार. माझी बहीण परदेशी झालेली मला चालणार नाही. भाऊबीजेला, म्हणजे तुमच्या भाऊबीजेसारखं आमच्यात जे असतं त्याला, मी तिच्या घरी पासपोर्ट घेऊन जायचं?

मला त्याचं पटलं. आजही पटतं. पण ते फोटोही मला विसरता येत नाहीत, आणि तो स्वतः तर ते दोन्ही एकाच छातीत घेऊन फिरत होता.

बाबूजींना मात्र हा किरायदार आयताच सापडला. गल्लीतल्या टपरीवर तेव्हा वेगळ्या विदर्भाच्या गप्पा जोरात असायच्या, आणि काकाजी अर्थातच वेगळ्या विदर्भाचे. बाबूजी त्याला हाताला धरून टपरीवर न्यायचे. "याले इचारा," म्हणायचे, "इतक्या दूरचा शिकलेला माणूस. सख्खा भाऊ लढून राहिला याचा. देश तुटू नाही द्यायचा म्हणते. आणि आमच्याकडे लोक दोन मागांची खोली तोडाले बसले." तो बिचारा चहाचा ग्लास हातात घेऊन अवघडून बसायचा. आपलं दुःख दुसऱ्याच्या भांडणात साक्षीदार म्हणून उभं केलेलं कोणाला आवडेल?

एका रविवारी सकाळी हे आमच्या अंगणातच झालं. सगळे होते. बाबूजींनी पुन्हा तोच दाखला दिला आणि काकाजी उसळतील असं आम्हाला वाटलं. पण ते उसळले नाहीत. ते त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"भाऊ, एक इचारतो. राग नको मानू," ते म्हणाले. "तुह्या भावाले ते पाहिजे. तुले पाहिजे. तुह्या गावाले पाहिजे. बहिणीले काय पाहिजे, हे तिले इचारलं का कोणी?"

मी त्याच्याकडे पाहत होते. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू कोणी भर बाजारात त्याचा सदरा ओढून काढला होता. मग तो म्हणाला की युद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी ती माहेरी आली होती, नवऱ्याला घेऊन. भावानं मेव्हण्याशी दारातच भांडण काढलं. दोघं पुरुष ओरडत होते, म्हातारी आई मध्ये पडत होती, आणि हा स्वतः भारतात यायची बॅग भरत होता. ती पोराला काखेत घेऊन भिंतीशी उभी होती. तिला विचारायचं राहून गेलं.

काकाजींनाच वाईट वाटलं. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबूजी उठले आणि पुढच्या खोलीत जाऊन मागावर बसले. विणायला सूत नव्हतं, नुसतेच बसले.

त्यानंतर काही दिवस बाबूजी आपल्याच विचारात होते. मायनं ताट वाढलं की खायचे, उठायचे. काकूच्या चुलीशी एकदा थांबलेले मी पाहिले. मग एका सकाळी त्यांनी काकाजींना हाक मारली आणि विचारलं, "लहान्या, तुले कोणता माग पाहिजे?" काकाजी इतके गोंधळले की त्यांना सांगता येईना. वर्षभर ज्यासाठी भांडले तो माग कोणता, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. शेवटी त्यांनी खिडकीकडचा घेतला. भिंत बांधायला निघालो तर तेच म्हणाले, भिंत नको, माझ्याकडचा उजेड तुमच्याकडे येणार नाही. बाबूजींना ते लागलं असावं, पण त्यांनी दाखवलं नाही. काकाजींच्या चादरीही फारशा खपल्या नाहीत, हे जाता जाता सांगून टाकते, म्हणजे कोणी यातून धडा काढायला नको. पांजणी मात्र आम्ही एकत्रच करत राहिलो, कारण तेवढी माणसं आणायची कुठून? खळ एकाच चुलीवर शिजायची. कोणाच्या, त्यावर भांडण व्हायचं.

सत्तरच्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, युद्ध संपलं. बियाफ्रा शरण आला, देश पुन्हा एक झाला. बातमी ट्रान्झिस्टरवर त्यानं ऐकली आणि तो तुळशीपाशी खाली बसला. गल्लीत लगेच पसरलं. बाया तिळगूळ वाटत फिरत होत्याच, त्या सगळ्या आमच्या अंगणात आल्या. "भाऊ, तुमचा देश तुटला नाही!" म्हणून त्याच्या हातावर तिळगूळ ठेवू लागल्या. बाबूजींनी त्याला मिठी मारली, आणि त्यांनी कोणालाही मिठी मारलेली मी तेवढी एकदाच पाहिली. तो सगळ्यांना हसून धन्यवाद देत होता. हातात तिळगूळ मावेना. खात मात्र नव्हता. बहिणीच्या गावाचं काय, हे बातमीत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी गेला. मायनं त्याच्यासोबत बहिणीसाठी एक लुगडं दिलं, बाबूजींनी विणलेलं, लाल काठाचं. ती ते कसं नेसणार, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. आम्ही दोन-अडीच महिने वाट पाहिली. माय रोज म्हणायची, आता पोहोचला असेल, आता बहीण भेटली असेल, आता भाचा खांद्यावर बसला असेल.

कॉलेज उघडायच्या वेळेला तो आला. वाळला होता. दुपारची वेळ, बाबूजी आणि काकाजी दोघंही माग थांबवून अंगणात आले. मायनं पाणी दिलं. त्यानं ते सगळं पिऊन टाकलं आणि मग सांगितलं. आपल्या हिंदी-मराठीत, सावकाश.

मोटार सुरू झाली होती. तो सकाळी आपल्या गावाहून निघाला आणि दोन तासांनी तिच्या दारात होता. मध्ये चौकी नाही, कोणी कागद मागितला नाही. घर अर्धं पडलेलं होतं. तिनंच दार उघडलं. त्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. नवरा कोपऱ्यात बसला होता, तो बोलला नाही. घरात मूल दिसलं नाही आणि मूल कुठे आहे हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. म्हणून त्यानं दुसरंच विचारलं.

"तुमी म्हणलं होतं ते," तो काकाजींकडे पाहून म्हणाला. "मी तिले इचारलं. तुले काय पाहिजे होतं?"

काकाजींनी मान खाली घातली.

ती म्हणाली होती, आता विचारतोस? मला मीठ हवं होतं. तांदूळ हवा होता. शेवटच्या वर्षी पोराच्या अंगावर सूज आली तेव्हा दूध हवं होतं, आणि रस्ता उघडा हवा होता, म्हणजे त्याला काखेत घेऊन मी तुमच्याकडे चालत आले असते. तुम्ही लोकांनी मला देशात ठेवलंत. पोराला ठेवलं नाहीत.

मग ती उठली आणि तिनं त्याला जेवायला वाढलं, असं तो म्हणाला. स्वतः त्याच्याबरोबर बसली नाही. लुगडं तिनं घेतलं, घडी न मोडता ठेवून दिलं.

"मग भाऊ, देश एक राहिला ते बरं झालं का नाही?" बाबूजींनी विचारलं. भांडायला नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"बरं झालं," तो म्हणाला. "नाही तर मी तिच्या दारात गेलो नसतो. पुन्हा जाईन. दर साली जाईन. ती वाढेल तर खाईन, नाही वाढलं तर बसून येईन." एवढं बोलून तो रडायला लागला, अगदी लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. आम्ही त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

माय त्याच्याजवळ जाऊन बसली. "नाव काय होतं गा त्याचं?" तिनं विचारलं.

त्यानं भाच्याचं नाव सांगितलं. ते आमच्या जिभेवर बसणारं नव्हतं, मलाही नीट म्हणता आलं नसतं. मायनं ते म्हणून पाहिलं, चुकलं. त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा म्हटलं. जमेपर्यंत ती म्हणत राहिली.